सावली उजळताना

फोटोतली सावली उजळली की तो खोटा ठरतो, हा आक्षेप मला पटत नाही. भर दुपारी ओसरीवर बसलेल्या माणसाकडे पाहताना डोळा अंगणातलं ऊन आणि चेहऱ्यावरची सावली दोन्ही सामावून घेतो. कॅमेऱ्याला एकाच एक्स्पोजरमध्ये ते अनेकदा झेपत नाही. चेहरा काळा पडतो, पण पुसला जात नाही. १४ बिटच्या रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या, फाइलमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या मावतात, नेहमीच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६. म्हणूनच फोटो संपादनात शॅडोजचा स्लायडर सरकवला की कपाळावरच्या आठ्या, पागोट्याची घडी हळूहळू वर येते. ती प्रकाशानेच नोंदवलेली असते. उलट आभाळ पांढरंफटक जळालं असेल, तर हायलाइट्स कितीही खाली ओढा, हाती सपाट करडा रंगच लागतो.

मग मर्यादा कुठे, हा प्रश्न मात्र रास्त आहे. जून १९९४मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने खुनाचा आरोप असलेले अमेरिकी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन यांचं पोलिसांनी काढलेलं छायाचित्र मुखपृष्ठावर गडद करून छापलं. ‘न्यूजवीक’ने तेच तसं गडद न करता छापलं. दोन्ही अंक शेजारी आले आणि कृष्णवर्णीय माणसाला अधिक भयावह दाखवल्याची टीका झाली. आपल्याकडे सावळ्या नवरीला गोरी करणारा हातही त्याच वाटेने जातो. दोष स्लायडरचा नाही, हेतूचा आहे. सावली उजळावी ती माणूस दिसावा म्हणून. त्याचा रंग बदलावा म्हणून नव्हे.