माकचिकला विचारा

सिंगापूरच्या मेट्रोचा नकाशा नीट वाचला तर त्यात जंगल दिसतं. ताम्पिनीस हे नाव तेम्पिनीस या टणक लाकडाच्या झाडावरून आलं, क्रांजी हे केरांजीवरून, तर सेम्बावांग त्याच नावाच्या वृक्षावरून. सुलतान मशिदीभोवतीचा काम्पोंग ग्लाम म्हणजे गेलाम झाडांची वस्ती. या झाडाच्या सालीनं पूर्वी होड्यांच्या फटी बुजवत. आता तिथं घरं, दुकानं आणि रस्ते आहेत, आणि ज्याचं नाव वस्तीला मिळालं ते झाड मुद्दाम शोधावं लागतं. वडगाव, पिंपळगाव, चिंचवड म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे झाड आपोआप उभं राहतं. इथंही तसं व्हावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून मी झाडांची इथली नावं गोळा करत असते.

झाड ओळखायच्या सोयी या शहरात भरपूर आहेत. राष्ट्रीय उद्यान मंडळाच्या ट्रीज.एसजी या नकाशावर पाच लाखांहून अधिक झाडं नोंदलेली आहेत. घराखालच्या झाडावर बोट ठेवलं की त्याची जात कळते. आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर फोटो टाकला तर अनोळखी जाणकार नाव सुचवतात, आणि दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचं एकमत झालं की ते नाव पक्कं धरलं जातं. याच वाटेनं मला इथला ‘बुंगुर’ म्हणजे आपला तामण, महाराष्ट्राचं राज्यपुष्प, हे खात्रीनं कळलं. लॅटिन नावाचा मोठा उपयोग हाच. टेक्का मार्केटात तमिळ भाजीवाल्या अक्का जिला ‘वल्लारै’ म्हणतात, तीच मलय घरातली ‘पेगागा’. मराठीत आपण तिला ब्राह्मी म्हणतो खरं, पण बारीक मांसल पानांच्या दुसऱ्याच एका वनस्पतीलाही ब्राह्मीच म्हणतो. पहिली सेंटेला, दुसरी बाकोपा, एवढं माहीत असलं की औषधाच्या बाबतीत घोटाळा होत नाही.

पण शास्त्रीय नाव कळलं म्हणजे झाड कळलं असं नाही. रस्त्यांवर छत्रीसारखे पसरलेले जे अजस्र वृक्ष इथं सावली धरतात, त्यांचं पुस्तकातलं नाव सामानिया सामान. हा मूळचा अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला, मुंबईकरांच्याही ओळखीचा पर्जन्यवृक्ष. जुनी मलय माणसं त्याला ‘पुकुल लिमा’ म्हणतात, म्हणजे पाच वाजले. उन्हं कलली की त्याची पानं मिटू लागतात. हे नाव ऐकल्यावर मी संध्याकाळी त्या झाडाखाली थांबून वर बघायला लागले. दोन-दोन पर्णिका समोरासमोर येऊन मिटतात आणि दिवसभर भरगच्च वाटणाऱ्या फांद्यांतून आभाळ दिसू लागतं. त्या झाडाकडे कधी आणि कुठं बघायचं, हे नावातच सांगून ठेवलेलं आहे.

असं ज्ञान मिळण्याची सगळ्यात चांगली जागा म्हणजे वसाहतीतली सामुदायिक बाग. ‘कम्युनिटी इन ब्लूम’ हा उपक्रम 2005 मध्ये सुरू झाला, आणि आता सरकारी इमारतींच्या आवारात रहिवाशांनी राखलेल्या अशा बागा ठिकठिकाणी आहेत. आमच्या बागेत कुंपणाशी हृदयाच्या आकाराची, तकतकीत, गर्द हिरवी पानं दाटीनं पसरलेली आहेत. कुणाही मराठी माणसाला ती विड्याचीच पानं वाटावीत. बागेतल्या वयस्कर मलय बाईंना मी इथल्या रीतीप्रमाणे ‘माकचिक’ म्हणते. त्या म्हणाल्या, ‘‘हा कादुक. विड्याचं पान ते सिरीह.’’ मग त्यांनी दोन्ही वेली शेजारी शेजारी दाखवल्या. सिरीह पेरांवरच्या मुळांनी आधाराला घट्ट धरून वर चढते. कादुक जमिनीवरच पसरतो, त्याचं पान पातळ, आणि पानांमधून पांढरे आखूड तुरे ताठ वर येतात. योग्यता नसताना उंचावर बसू पाहणाऱ्याला मलय भाषेत ‘आधारावर चढलेला कादुक’ म्हणतात, हेही त्यांनीच सांगितलं. कादुकाला चढता येत नाही, ही वनस्पतिशास्त्राची खूण त्या म्हणीनं पिढ्यान्‌पिढ्या घरोघर सांभाळली आहे. कादुक विड्यात घालत नाहीत. त्याची पानं केसासारखी बारीक चिरून भातात कालवतात, त्या भाताला नासी उलाम म्हणतात. माकचिकनी मला पानांची गुंडाळी करून, धारदार सुरीनं कशी चिरायची तेही करून दाखवलं.

अशी विचारपूस आपल्या बाजूलाही जुनीच आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला आणि 1563 मध्ये गोव्यातच त्याचा औषधींवरचा ग्रंथ छापला गेला. वैद्य, व्यापारी, प्रवासी यांना विचारून त्यानं एकेका वनस्पतीची निरनिराळ्या भाषांतली नावं लिहून ठेवली. विड्याच्या पानाला दख्खनेत पान आणि मलय मुलखात सिरी म्हणतात, ही नोंद त्यात आहे. साडेचारशे वर्षांनंतर तोच शब्द मला माकचिकच्या तोंडून ऐकायला मिळाला.

मात्र हे ज्ञान ज्यांच्याकडे आहे ती माणसं आता थकली आहेत. मुख्य बेटावरची बहुतेक काम्पोंग, म्हणजे परसात झाडं असलेली खेडी, उठून इमारती झाल्या त्याला कित्येक दशकं लोटली. त्या परसांत वाढलेली पिढी सत्तरी-ऐंशीत आहे. त्यांच्या नातवंडांना बुंगा कांतान बाजारात गुलाबी कळी म्हणून दिसते. ती कुठल्या ओलाव्यात वाढते, रोजाक या मिश्र कोशिंबिरीत घालताना कशी कापायची, हे आजीला माहीत. इमारतीचं नाव राहील, स्टेशनचं नाव राहील, पण नावामागचं हे सगळं विचारल्याशिवाय पुढे येणार नाही.

म्हणून इथल्या मराठी घरांना माझं कळकळीचं सांगणं आहे. फोटो जरूर काढा, पण आधी शेजारी विचारा. नाव कुणी सांगितलं, ते कुठल्या गावचे, पान कशात घालतात, काय खायचं नाही, हे सगळं लिहून ठेवा. पानं तोडायची ती बागेतल्या माणसांना विचारून. सार्वजनिक उद्यानातलं पान तोडायला तर कायद्यानंच बंदी आहे. आणि देशातून आई किंवा सासूबाई आल्या की त्यांना मॉलच्या आधी या बागेत न्या. इथली ‘बेलिंबिंग बुलुह’ म्हणजे आपल्या कोकण-गोव्यातलं बिंबलं. ते आमटीत, माशाच्या कालवणात घालायचं हे दोन्हीकडच्या बायकांना पुरतं ठाऊक आहे. दोघींची भाषा एक नसली तरी त्या एका झाडाशी उभ्या राहून तासभर बोलतील. तुम्ही शेजारी वही घेऊन बसा. दोन्ही नावं एका ओळीत लिहिली गेली, की हे शहर तुमच्या मुलांना परकं राहणार नाही.