पिन्नाटा

वनस्पतिशास्त्राला लॅटिन कशाला हवं, नावं पाठ केली की झालं, असं आमच्या क्षेत्रात बरेच जण मानतात. मला ते पटत नाही. उरणजवळच्या करंजा गावी, खाडीकाठी मुलांना करंज दाखवताना 'पोंगामिया पिन्नाटा'मधल्या दुसऱ्या शब्दावर मी हमखास रेंगाळतो.

'पिन्ना' म्हणजे पीस. करंजाचं पान हातात घ्या. मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दलं आणि टोकाला एक एकटंच. बहुधा पाच किंवा सात. म्हणून पिन्नाटा, आपल्या पुस्तकांत पिच्छाकृती. पिन्ना हे 'पेन्ना'चंच बदललेलं रूप मानतात. पेन्नाचं मूळ आणि संस्कृत 'पत्' धातूचं मूळ एकच: उडणं. आपलं 'पत्र'ही आधी पंख, मग पान, मग चिठ्ठी. तिकडे पेन्नाची लेखणी झाली, इंग्रजांमार्फत आपलं पेन.

व्याकरण तर मराठी मुलांना आयतंच मिळतं. काळा, काळी, काळं. तसं पिन्नाटस, पिन्नाटा, पिन्नाटम. लिनीअसने १७५३ मध्ये करंज सिटिसस या पुल्लिंगी प्रजातीत घातला, तेव्हा तो पिन्नाटस होता. पुढे 'पोंगम' या दाक्षिणात्य नावावरून केलेल्या पोंगामियात गेला आणि पिन्नाटा झाला. पानफुटी ब्रायोफायलममध्ये असते तेव्हा पिन्नाटम, कॅलँकोमध्ये गेली की पिन्नाटा. हिंदी भाषक विद्यार्थ्यांना हे नपुंसकलिंग समजावताना मात्र माझी दमछाक होते!

पिन्नाचे आणखी दोन अर्थ करंजा गावाला शोभतात. एक माशाचा पर. कोळ्यांच्या गावात तो वेगळा दाखवावा लागत नाही, आणि 'पर' हा शब्द आपणही पिसाला नि माशाला दोन्हीकडे वापरतो. दुसरा अर्थ तटाच्या माथ्यावरचे दाते. त्यावरून पोर्तुगीजांचा 'पेन्या', म्हणजे कडा. सोळाव्या शतकात करंजा बेट त्यांच्याकडे आलं आणि इथल्या द्रोणागिरी डोंगरावर त्यांनी 'नोस्सा सेन्योरा द पेन्या' म्हणजे कड्यावरच्या मातेचं चर्च बांधलं. खाली झाडाच्या नावात पिन्ना, वर डोंगरावरही पिन्नाच. मुलांना मी हे सांगतो तेव्हा त्यांच्या माना आपोआप वर होतात.

काही पुस्तकांत करंज आता मिलेटिया पिन्नाटा आहे. प्रजाती बदलली, पण तीही स्त्रीलिंगीच, म्हणून शेपूट तेच राहिलं. उद्यानांत झाडांच्या पाट्या रंगवून घेणाऱ्यांना माझी एवढीच विनंती: शेवटचं अक्षर तपासून घ्या. 'पोंगामिया पिन्नाटम' लिहिणं म्हणजे 'काळं गाय' लिहिण्यासारखं आहे.