झोपेची वेळ

नोव्हेंबर २०१८ पर्यंत आमच्या घरात लेकीच्या झोपेला ठरलेली वेळ नव्हती आणि त्याचे आम्हांला काही वाटतही नव्हते. लेक तेव्हा चार वर्षांची. तलासरीत भाड्याच्या दोन खोल्या, आम्हां दोघांची शाळेतली नोकरी आणि शनिवार-रविवार डहाणूला दादीकडे. टीव्ही बंद झाला की ती झोपायची. कधी दहा, कधी साडेअकरा. पाहुणे आले की बारा. "आमची पोरगी बघा कशी जागते," असे आम्ही कौतुकाने सांगत असू. सकाळी बालवाडीसाठी उठवताना रोज रडारड व्हायची. ती आम्ही तिच्या हट्टी स्वभावाच्या खात्यावर टाकली होती.

मग जमीन हलू लागली.

इकडच्या लोकांना हे सांगायला नको, दूरच्या वाचकांसाठी सांगतो. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आला आणि एका फटक्यात गावेच्या गावे घेऊन गेला. आमच्याकडचा प्रकार निराळा. धुंदलवाडीच्या परिसरात नोव्हेंबरमध्ये जे धक्के सुरू झाले, ते थांबेचनात. बहुतेक लहान, पण उगम जमिनीखाली थोड्याच किलोमीटरवर. त्यामुळे अडीच-तीनचा धक्कासुद्धा थेट अंथरुणाखालून गेल्यासारखा वाटायचा. आधी सुरुंग उडाल्यासारखा आवाज, मग मांडणीवरच्या भांड्यांचा खळखळाट. हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेची माणसे यंत्रे लावून गेली. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरते आणि त्याच्या दाबाने असे होते, असे काही शास्त्रज्ञांचे म्हणणे. कारण काहीही असो, रात्र आमची होती.

१ फेब्रुवारी २०१९ ला दुपारी ४.१ चा धक्का बसला. त्या दिवशी हळदपाड्यात दोन वर्षांची एक मुलगी घाबरून पळताना पडली, डोक्याला मार लागला आणि ती गेली. घर तिच्या अंगावर कोसळले नव्हते. तिला मारले ते धावपळीने. या गोष्टीवर आम्ही दोघे कितीतरी दिवस एकमेकांशी बोललोच नाही.

प्रशासनाने तंबू दिले. शाळा मैदानात भरू लागल्या. पाड्यांवरची माणसे लेकरांसह थंडीत, दवात अंगणात झोपू लागली. आमच्या वर्गातली मुले दहा वाजताच पाटीवर डोके टेकायची. आम्ही त्यांना उठवत नव्हतो. एक वारली पालक म्हणाला, "गुरुजी, कुडाची भिंत डोलते नि उभी राहते. विटेची भिंत डोलत नाही." आमच्या खोलीची भिंत विटेची होती आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिला भेग गेलेली होती.

आम्हीही महिनाभर अंगणात ताडपत्री बांधून झोपलो. लेकीला पहिले चार दिवस सहल वाटली. नंतर ती घरात पाऊलच टाकीना. अंधार पडला की पोटात दुखायचे. रात्री मोटारसायकल गेली तरी दचकून उठायची, अंथरूण ओले व्हायचे. दिवसा भलत्या वेळी, संध्याकाळी सहाला वगैरे, गाढ झोपायची आणि मग रात्री एकपर्यंत टक्क जागी. डहाणूच्या एका बालरोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी औषध दिले नाही. म्हणाले, "जमीन तुमच्या हातात नाही. घड्याळ आहे. सकाळी उठायची वेळ एकच धरा, रात्र कशीही गेलेली असो. दुपारची झोप तीनच्या आत आटपा. रात्री रोज त्याच गोष्टी त्याच क्रमाने करा. पुढे काय होणार ते मुलाला माहीत असले की भीतीला जागा कमी उरते."

त्याच वर्षी एप्रिलमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लहान मुलांसाठी सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप हवी, झोपण्या-उठण्याच्या वेळा ठरलेल्या हव्यात, असे त्यात होते. आम्ही बोटांवर हिशेब केला. आमच्या लेकीला भूकंपाच्या आधीसुद्धा नऊ-साडेनऊच तास मिळत होते. म्हणजे खापर एकट्या जमिनीवर फोडता येत नव्हते.

आठची वेळ ठरली आणि पहिला विरोध झाला तो दादीचा. इशाच्या आधी झोपणे हुजूरना पसंत नव्हते, हे त्यांनी आम्हांला ऐकवले. उन्हाळ्यात इशाची वेळच साडेआठच्या आसपास व्हायची. आम्ही म्हणालो, "अम्मी, तिच्यावर अजून नमाज फर्ज कुठे आहे?" त्या गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही टीव्ही लावला तर आतून त्यांचाच आवाज, "अरे, बच्ची को नींद पूरी करने दो!" त्याच हदीसचा दुसरा भाग त्यांनी मग आम्हांला सुनावला: इशानंतर गप्पा मारत बसणेही हुजूरना आवडत नसे. तो भाग आम्ही सोयीने विसरलो होतो.

क्रम असा बसला. मगरिबनंतर जेवण, दात, कोमट पाण्याने पाय धुणे. मग दाराशी तीन जोड चपला ओळीने आणि उशाशी बॅटरी. हे काम लेकीचे. त्याला तिने कुणालाही हात लावू दिला नाही. मग दुआ, मग एकच गोष्ट. दादी असल्या की गोष्ट असहाबे-कहफची. गुहेत झोपलेले ते तरुण, उंबऱ्यावर पाय पसरलेला त्यांचा कुत्रा आणि ३०९ वर्षांची झोप. लेकीने एकदा विचारले, "दादी, त्यांची गुहा हलली नाही?" दादींना सुरह जिल्जाल तोंडपाठ, धक्क्यांच्या दिवसांत त्या ती सारखी पढत. पण हा प्रश्न त्यांना कुणी केला नव्हता. थोडा वेळ थांबून त्या म्हणाल्या, "कुत्रा जागा होता ना."

रमजानने सगळी घडी विस्कटली. तराबीहहून परत यायला दहा, सहरीला साडेतीनला भांडी वाजायची आणि लेक उठून रोजा ठेवायला बसायची. आम्ही सहरी अंगणातल्या चुलीवर हलवली. दिवा छोटा, बोलणे खुणांनी. ईदच्या सुमारास ती आठ-सव्वाआठला आपणहून डोळे चोळू लागली होती.

पावसाने आम्हांला पुन्हा छपराखाली ढकलले. जुलैतल्या एका रात्री एकनंतर धक्का आला, चांगला जोरात. त्या रात्री नागझरीकडे घर पडून एक माणूस गेल्याचे सकाळी कळले. आम्ही दोघे ताडकन उठलो. लेक उठली नाही. आवाज झाला, भांडी पडली, ती या कुशीवरून त्या कुशीवर वळली, इतकेच. तिला उचलून आम्ही पावसात अंगणात उभे राहिलो. खांद्यावर तिचा श्वास संथ चाललेला. पाच महिने ज्यासाठी खटपट केली ते हेच होते. आणि तेव्हाच मनात आले, आपण हिला हे काय शिकवले? दचकणारे पोर निदान पळाले असते. मग हळदपाडा आठवला. पळणेही आठवले.

त्यानंतर आम्ही पाळी लावली. दोनपर्यंत एक जण जागा, दोननंतर दुसरा. तिची झोप बसली ती अशी, आमच्या झोपेवर. शाळेत दुपारी आमच्याही माना लवू लागल्या. ही पाळी किती दिवस चालली ते लिहून ठेवलेले नाही. पावसाळा सरेपर्यंत तरी नक्की. पुढल्या वर्षीही धक्के आले, पण तोवर आम्ही निर्ढावलो होतो. हे काही भूषण नव्हे.

लेकीने आता अकरा ओलांडली आहेत. टीव्हीपाठी, मोबाइलपाठी साडेनऊ होतात, भांडण होते, शेवटी ती जाते. अंथरूण मात्र दाराजवळच लागते. आतल्या खोलीत पलंग आहे, त्यावर कपड्यांच्या घड्या. दिवा मालवण्याआधी तिचा एकच प्रश्न असतो.

"चपला तीनच का? दादी आल्यात ना आज?"

आम्ही उठतो आणि चौथा जोड आणून ओळीत ठेवतो.