आपल्याच खडकाचे बेट

मुडबीच्या शिवारात विहीर खणणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे, की वरची काळी माती काही हातांतच संपते, तिच्याखाली मुरूम लागतो आणि मुरुमाखाली पहार ठणकावणारा काळा, कठीण पाषाण. हा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्हारसाचा आहे. बिदरचा तांबडा जांभा हेही याच काळ्या खडकाचे झिजून पालटलेले रूप. आपली तूर, आपली ज्वारी ज्या मातीत पिकते ती मातीही याच दगडाची लेक. दख्खनच्या पठारावर आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी या खडकाने व्यापलेली आहे. हे सारे आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकवीत आलो. परंतु या खडकाचे एक धाकटे भावंड हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या बाजूस, हिरवी शाल पांघरून बसले आहे, ते डोळ्यांनी पाहण्याचा योग मात्र पन्नाशी उलटल्यावर आला.

ते भावंड म्हणजे मॉरिशस. भूशास्त्रज्ञांचे बहुमान्य मत असे, की पृथ्वीच्या पोटातील एक भट्टी जवळजवळ एकाच जागी धगधगत राहिली आणि तिच्यावरून भूपृष्ठ सरकत गेले. चूल जागच्या जागी असावी आणि तव्यावरची भाकरी पुढे सरकवावी, म्हणजे जागोजागी डाग पडत जातात, तसेच हे. पहिला मोठा डाग आपले दख्खन; मग समुद्रतळाशी लक्षद्वीप, मालदीव, चागोस यांच्या रांगा; त्यानंतर सुमारे ८०-९० लाख वर्षांपूर्वी जलपृष्ठावर आलेले मॉरिशस; आणि सर्वांत धाकटे, त्याच्या नैर्ऋत्येस सव्वादोनशे किलोमीटरांवरील रियुनियन. तेथील पितों द ला फुर्नेझ हा पर्वत आजही अधूनमधून पेटतो. म्हणजे आपले घर निवाले, मॉरिशसचे निवाले, आणि चूल आता रियुनियनखाली आहे.

आमचा भाचा नोकरीनिमित्त डरबनला असतो. त्याच्या आग्रहावरून आम्ही उभयता त्याच्या कुटुंबासमवेत प्रवासी जहाजाने निघालो. जहाज मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात सकाळी सातला लागणार आणि सायंकाळी पाचपर्यंत सर्वांनी परत चढावयाचे, असा नियम होता. दहा तासांत एक देश! जहाजावरच तिकिटे विकल्या जाणाऱ्या सहलींचे दर ऐकून सौभाग्यवतींनी कानांस हात लावला. त्यात बहुतेक सहली समुद्रकिनाऱ्यांच्या आणि खरेदीच्या. तेव्हा आपण आपल्या पायांनी व सार्वजनिक वाहनांनी हिंडावे, असे ठरले. तोच अनुभव वाचकांस उपयोगी पडेल म्हणून थोडा तपशिलाने सांगतो.

प्रथम बेटाची ठेवण ध्यानी घ्यावी. लांबी सुमारे ६५ किलोमीटर, रुंदी ४५. म्हणजे आपल्या एखाद्या जिल्ह्याहूनही लहान. मध्यभागी उंच पठार आणि त्याच्याभोवती तुटक डोंगरांचे कडे. हे कडे म्हणजे मूळच्या अवाढव्य ज्वालामुखीच्या ढासळलेल्या भिंतींचे अवशेष. पहाटे जहाजाच्या कठड्याशी उभे राहिलो तेव्हा शहराच्या पाठीशी अंगठ्यासारखा उभा असलेला ल पूस आणि माथ्यावर भलामोठा गोटा तोललेला पीटर बोथ, असे दोन्ही डोंगर दिसले. दोहोंची उंची आठशे मीटरांच्या आसपास. किनाऱ्याभोवती प्रवाळाचे कुंपण असल्याने आतले पाणी निळे व शांत, आणि बाहेर पांढरी फेसाळ रेघ.

धक्का शहरालगतच आहे. बंदराच्या कडेने चालत आम्ही प्रथम आप्रवासी घाटावर गेलो. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय करारबद्ध मजूर या बेटावर उतरले. त्यांची नोंद या आवारात होई. इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली, परंतु उसाला माणसे तर हवीच होती. त्यातून ही करारपद्धती निघाली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई अशा तीन बंदरांतून माणसे आली. मुंबईहून आलेल्यांत रत्नागिरीकडील मराठी माणसे पुष्कळ होती. २००६ मध्ये हे स्थळ जागतिक वारशाच्या यादीत गेले. पाहावयाचे काय, तर थोड्या खोल्या, काही भिंती आणि सोळा दगडी पायऱ्या. परंतु हातात पितळी लोटा आणि पाठीवर वळकटी घेऊन कोणी एक कोकणी माणूस या पायऱ्या चढला असेल, आणि वर येताच त्याच्या नजरेस घरच्या कातळासारखाच कातळ पडला असेल, हे मनात येताच आम्ही काही वेळ निःशब्द झालो.

जवळच मेट्रोचे स्थानक आहे. पोर्ट लुई ते क्युरपीप ही सुमारे २६ किलोमीटरांची विजेची गाडी भारत सरकारच्या साह्याने आणि मुंबईच्या लार्सन अँड टुब्रो कंपनीच्या हातून उभी राहिली. पहिला टप्पा २०१९ मध्ये सुरू झाला आणि २०२२ मध्ये गाडी क्युरपीपपर्यंत पोहोचली. जहाजाच्या प्रवाशास हिच्याइतके सोयीचे वाहन नाही. कारण राजधानीच्या रस्त्यांवर मोटारींची फार दाटी होते, आणि वेळेवर परतण्याची चिंता जहाजाच्या प्रवाशास सर्वांत मोठी असते. टॅक्सी हवीच असेल तर ती वरच्या गावातून करावी आणि भाडे बसण्यापूर्वीच ठरवावे. वाहने आपल्याप्रमाणेच डावीकडून चालतात. चलनही रुपयाच, मात्र मॉरिशसचा. नोटेवर इंग्रजीच्या जोडीस तमिळ आणि देवनागरी अक्षरे पाहून सौभाग्यवतींनी ती नोट खर्चण्यास साफ नकार दिला.

गाडी पठारावर चढू लागली तसा दोन्ही बाजूंस घरांमागून ऊस डोकावू लागला. उसाच्या शेतांत मधूनमधून काळ्या दगडांचे उंच ढीग रचलेले दिसतात, काही तर पायऱ्यापायऱ्यांचे. लागवडीसाठी जमीन मोकळी करताना मजुरांनी हातांनी वेचलेले हे दगड. आपल्याकडे शेतातले धोंडे वेचून बांध घालतात, तसेच हे. उसाची चव सर्वांनी घेतली. हे दगड कोणी उचलले ते मात्र ढिगाऱ्यांनाच ठाऊक.

आमच्या समोरच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ होते. सौभाग्यवतींचे लुगडे व कुंकू पाहून त्यांनी जपून, शब्द निवडीत विचारले, "आपण महाराष्ट्रातून आलात काय?"

आम्ही म्हणालो, "नाही. कर्नाटकातून. पण आम्ही मराठी."

ते गोंधळले. मग हसून म्हणाले, "आम्ही मॉरिशसचे. पण आम्हीही मराठी."

ते सरकारी प्राथमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. आम्ही मुख्याध्यापक आहोत हे कळताच त्यांनी "गुरुजी" म्हणावयास आरंभ केला आणि आम्हीही त्यांना गुरुजीच म्हणू लागलो. त्यांची मराठी पुस्तकातल्यासारखी, प्रत्येक अक्षर स्वच्छ. ते म्हणाले, "घरात आम्ही क्रिओल बोलतो, गुरुजी. माझी नातवंडे फ्रेंच वाचतात, इंग्रजीत परीक्षा देतात. मराठी देवघरात आहे आणि शाळेत आहे."

त्यांच्याकडून कळले, की लग्नकार्यात अद्याप गोंधळ घातला जातो, कोकणातली जाखडी येथे झाकरी या नावाने नाचली जाते, आणि गणेशचतुर्थीस तर देशालाच सुटी असते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे अध्यापन होते. तेथेच जुन्या मजुरांच्या नोंदवह्याही जपून ठेवल्या आहेत. गुरुजींनी आपल्या पणजोबांचे नाव त्या वह्यांत स्वतः पाहिले होते. ते पुन्हा म्हणाले, "गावाचे नाव मिळाले, गुरुजी. गाव अजून पाहिले नाही."

क्युरपीपला उतरून त्यांच्या निर्देशाप्रमाणे आम्ही त्रू ओ सेर्फ या विवराकडे चालत गेलो. चढ सोपा आहे, पण छत्री अवश्य बाळगावी. या गावावर पाऊस केव्हा येईल याचा नेम नसतो. विवर सुमारे तीनशे मीटर रुंद आणि ऐंशी मीटर खोल. आत उतारावर दाट झाडी आणि तळाशी थोडे पाणथळ. जेथून एके काळी वितळलेला दगड उसळला, तेथे पाखरे बोलत होती. काठावरून चहूकडचे डोंगर दिसतात आणि आपण एका मोठ्या, विझलेल्या भट्टीच्या माथ्यावर उभे आहोत हे उमगते. आम्ही एक खडा उचलून पाहिला. बारीक छिद्रांचा, काळसर. मुडबीच्या नाल्यात टाकला असता तर परका म्हणून कोणी ओळखला नसता. खडा अर्थात तेथेच ठेवला.

तेथून टॅक्सीने गंगा तलाव, म्हणजे ग्राँ बासँ. हेही ज्वालामुखीचेच विवर, पाण्याने भरलेले. १९७२ मध्ये यात गंगाजल मिसळण्यात आले. महाशिवरात्रीस बेटाच्या कानाकोपऱ्यांतून लोक पायी येथे येतात. वाटेवर २००७ मध्ये उभारलेली १०८ फूट उंचीची मंगल महादेवाची मूर्ती आहे. मूर्तीची भव्यता आहेच. पण आम्हांस अधिक भावले ते पाण्याकाठी उदबत्ती लावून एकटीच बसलेली एक म्हातारी. टॅक्सीवाल्याने घड्याळ दाखविले, तेव्हा उठलो. क्युरपीपला येऊन मेट्रो धरली आणि साडेतीनलाच धक्क्याजवळ पोहोचलो. शामारेलची रंगीत माती, ल मोर्नचा कडा, दक्षिणेचा किनारा, हे सारे राहिले. दहा तासांत सर्वच पाहू म्हणणारा मोटारीची खिडकीच पाहतो. बेटाचे पोट पाहावयाचे असेल तर घाट, विवर आणि तलाव या तीन जागा पुरेत.

रात्री जहाज सुटल्यावर गुरुजींचे बोलणे मनातून जाईना. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि आपला जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत विभागला गेला. त्यानंतर जन्मलेल्या आमच्या पिढीने सीमेच्या या बाजूस मराठी जपली ती बहुतांशी घरात. कन्नड ही आमची शेजारीण आणि राज्याची भाषा. तिच्याशी आमचे वैर नाही, आणि आमची मुले ती उत्तम बोलतात याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु मराठी शाळेच्या पटावरील नावे दरवर्षी कशी रोडावतात, हे पट भरणाऱ्या हातास चांगले ठाऊक असते. पालक म्हणतात, "गुरुजी, मराठी तर घरी येतेच की."

मॉरिशसच्या मराठी घरांतही एके काळी ती येतच असेल. घरातून ती गेली, तेव्हा शाळेने तिला आसरा दिला. म्हणून दीड शतकानंतर एक वृद्ध मनुष्य आमच्याशी स्वच्छ मराठीत बोलू शकला. आपल्याकडे घर शाबूत आहे, शाळेचा आसरा मात्र सुटू पाहत आहे. दोहोंपैकी एक खांब पुरेल अशी आशा कोणी धरू नये. येत्या जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी मुडबी आणि आसपासच्या पालकांस हे बेट आम्ही नकाशावर दाखवू, आणि त्या गुरुजींचे बोलणेही सांगू. पट किती वाढेल हे सांगता येत नाही. परंतु शेतातले धोंडे एकेक करूनच वेचावे लागतात.