माड आणि कायद्यातील एक शब्द

आम्हां गोमंतकीयांच्या परसात माड हा घरातील वडीलधाऱ्यासारखा उभा असतो. तो वृक्ष आहे की नाही, हा प्रश्न आमच्या वाडवडिलांना कधी पडला नाही. विधानसभेला मात्र पडला! गोव्याच्या १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये झाड तोडावयास परवानगी लागते. २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन माड ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला, आणि त्यावर कुऱ्हाड चालविण्यास त्या परवानगीची गरज उरली नाही. लोकांनी आवाज उठविला. २०१७ मध्ये शासनाने माडाला पुन्हा वृक्ष ठरविले.

घराभोवतालची जमीन, बाग, पाण्याच्या वाटा यांची आखणी करणाऱ्या परिसररचनाकाराचे काम अशा शब्दांवर अवलंबून असते. ‘हे माड राखा’ असे त्याने नकाशावर लिहिले, तरी मालक ऐकेनासा झाला की त्याच्या मदतीला कायदाच यावयाचा. म्हणून या व्यावसायिकांनी विधेयक मांडले जाताच त्यातील व्याख्या वाचाव्यात, असे आम्हांस वाटते. आम्हीही आता अधिवेशनाच्या बातम्यांतील कलमे वाचू लागलो आहोत. वाचकहो, आपणही वाचावीत. आपल्या परसातील सावलीचा प्रश्न त्यांत असतो.