ईदीचं पिल्लू
गेल्या ईदला मुलांच्या हट्टापुढे आम्ही नमलो. ईदीच्या पैशांत भर घालून बाजारातल्या दुकानातून मांजरीचं पांढरं पिल्लू आणलं. त्याचं वय विचारलं नाही, पावती मागितली नाही. पिल्लू तोंडात काही घेईना. सहाव्या दिवशी गेलं. धाकटीने विचारलं, "अम्मी, त्याला आईपासून इतक्या लवकर कुणी तोडलं?" आम्ही गप्प राहिलो.

नंतर कळलं, २०१८ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे अशा दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. आमच्या मोहल्ल्यात जखमी जनावरं सांभाळणाऱ्या तरुणांमध्ये यावरून वाद आहे. काही म्हणतात, ही दुकानंच बंद करा. काही म्हणतात, मग विक्री चोरून होईल. त्यापेक्षा नगरपालिकेने दुकानं नेमाने तपासावीत. आम्हाला तपासणीचं म्हणणं पटतं. पण नोंदणी न विचारता पैसे मोजणारे तर आम्हीच होतो!

यंदा त्याच तरुणांकडून एक लंगडी मांजरी घरी आणली. मुलांनी ईदी तिच्या औषधाला दिली. आम्ही सांगितलं नव्हतं.