ओसरीवरचं ऑफिस

देवरुख, गुरुवार, ३० ऑक्टोबर २०२५
पाऊस हटायला तयार नाही. दुपारी वीज गेली. लॅपटॉप आणि राउटर इन्व्हर्टरवर चालू होते, पण थोड्या वेळाने फायबरनेच मान टाकली. मग मोबाईलचा हॉटस्पॉट, आणि त्याला रेंज फक्त ओसरीच्या कोपऱ्यात. कॉलवर एकाने विचारलं, "मागे कसला आवाज?" म्हटलं, पागोळ्या.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर
"घरीच आहेस ना, बँकेत सोड मला," बाबा म्हणाले. घरीच आहे! तिकडे टीम्सवर पाच मिनिटं माऊस हलला नाही की हिरवा ठिपका पिवळा होतो. वहीत आकृत्या काढत होतो, म्हणजे खरं काम तेव्हाच चाललं होतं, तेवढ्यात मॅनेजरचा मेसेज: "आहेस का?" घरच्यांच्या लेखी मी मोकळा, ऑफिसच्या लेखी गायब.

सोमवार, ३ नोव्हेंबर
काल अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे गेली. न्यूयॉर्कचा सकाळी दहाचा कॉल आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला असायचा, तो आता मार्चपर्यंत रात्री साडेआठला. आई वैतागली. ऐन पानं घ्यायची वेळ!

मंगळवार, ४ नोव्हेंबर
तोच तास आज कामी आला. शेजारच्या काकूंकडे तुळशीचं लग्न, अंतरपाट धरायला मी. मंगलाष्टकं झाली, चुरमुरे-खोबरं खाल्लं आणि कॉलला वेळेवर हजर. हिंजवडीत असतो तर त्या वेळी वाकडच्या पुलाजवळ हॉर्न ऐकत बसलो असतो. एवढ्यासाठी रेंजचा जाच पत्करला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
टीममधली नवी मुलगी सकाळपासून एका एररवर अडून बसलेली. स्क्रीन शेअर केल्यावर चूक लगेच सापडली.
"विचारलं का नाहीस?"
"सर, तुमचा ठिपका लाल होता."
शेजारच्या खुर्चीत असती तर चेहऱ्यावरूनच कळलं असतं. मी तरी काय, शेजाऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकावत आणि टपरीवर चहा पीतच शिकलो. नवं प्रोजेक्ट कुणाकडे जाणार हेही त्याच टपरीवर ठरतं. मला ते आज कळलं, ठरून गेल्यावर.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
जानेवारीपासून आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला या, अशी मेल. दिवस ज्याने त्याने आपापले निवडायचे! म्हणजे मी सोमवारी जाणार, ती मुलगी गुरुवारी येणार, आणि तिथेही दोघं हेडफोन लावून कॉलच घेणार. उत्तर पाठवलं: महिन्यातून एक सलग आठवडा येतो, पण अख्खी टीम त्याच आठवड्यात हवी.